किल्ला, कचोरी आणि आपण

गेल्या पौषात माझी पुण्याची भाची, जावई आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा असे तिघे आमच्याकडे ग्वाल्हेरीस आले होते. माझे गुडघे आता चढणीला कुरकुरतात म्हणून जावयांनी परस्पर एका सहल-कंपनीचे चार जागांचे पैसे भरले. ‘एका दिवसात ग्वाल्हेर : पुरातन किल्ला आणि खाऊगल्ली’ असे त्या सहलीचे नाव. “मामा, तुम्हीही चला, तुम्हांला काहीच चालावे लागणार नाही,” असा भाचीने आग्रह केला आणि मी गेलो. त्या दिवसाने मला अस्वस्थ केले. ती अस्वस्थता केवळ एका कंपनीपुरती असती तर या पानांची जागा मी अडवली नसती.

प्रथमच सांगतो की, किल्ला आणि खाणे यांची सांगड घालण्यास माझा विरोध नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी देवदर्शन आणि बाजार, जत्रा आणि जिलेबी यांची फारकत कधी केली नव्हती. इतिहास उपाशीपोटी आणि गंभीर चेहऱ्यानेच पाहिला पाहिजे, असे मानणारा मी नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. या सहलीत किल्लाही दाखवला जात नाही आणि खाणेही दिले जात नाही. दोहोंची नावे विकली जातात.

मुलाचे उदाहरण घेऊ. त्याला गणिताचा नाद आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोरीव शून्य आहे, हे त्याने कोठे तरी वाचले होते आणि तेवढ्यासाठी तो आला होता. आमची गाडी पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजाने वर चढली, कारण मोठ्या गाड्यांचा रस्ता तोच. कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातील भव्य जिनमूर्तींपाशी छायाचित्रांपुरते थांबणे झाले. पुढे मानमंदिर, सास-बहू मंदिरे, तेली का मंदिर असा क्रम लागला. मुलाने तीनदा विचारले, “शून्य कुठे आहे?” तिसऱ्या वेळी मार्गदर्शक हसून म्हणाला, “बेटा, तिकडे गाडी जात नाही. आणि पाहायचे काय? एवढासा गोल आहे, फोटोसुद्धा नीट येत नाही.”

ज्या चतुर्भुज मंदिरात तो ‘एवढासा गोल’ आहे, ते पूर्वेकडच्या जुन्या चढणीच्या वाटेवर, एकाच खडकात कोरलेले लहानसे विष्णुमंदिर आहे. प्रतिहार सम्राट मिहिरभोजाच्या काळात अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. गर्भगृहातील भिंतीवर विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि बागेतून रोज ५० माळा देवाला याव्यात, अशी त्यात व्यवस्था आहे. यांतील २७० आणि ५० या आकड्यांत आजच्यासारखे वाटोळे शून्य आहे. एवढा साधा, घरगुती म्हणावा असा तो हिशेब आहे. शून्याचा गाजावाजा करण्यासाठी ते कोणी कोरले नाही. माळ्याने किती माळा द्यायच्या हे नोंदताना ते सहज उमटले. नवव्या शतकात ही अंकपद्धती किती अंगवळणी पडली होती, याची याहून चांगली साक्ष कोणती?

मार्गदर्शकाने पुढे भरपाई म्हणून सांगितले की, “शून्याचा शोध याच किल्ल्यात लागला.” हेही खरे नाही. कंबोडियातील एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३ मधील शून्य बिंदुरूपाने आढळते. ऑक्सफर्डमधील बख्शाली हस्तलिखिताच्या काही पानांचा काळ २०१७ च्या चाचणीत तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत मागे गेला, मात्र त्यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि शून्यासह दशमान गणिताचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच मांडले होते. ग्वाल्हेरच्या शून्याचे मोल ते ‘जगातले पहिले’ असण्यात नाही. भारतातील तिथीयुक्त शिलालेखांत वाटोळ्या शून्याचा तो सर्वांत जुना सर्वमान्य दाखला आहे, आणि तेवढे महत्त्व पुरेसे आहे. परंतु खरे सांगितले तर ते दाखवावे लागते. खोटे सांगितले की न दाखवताही भागते.

कोणी म्हणेल, दिवस लहान, वेळ थोडा, बिचाऱ्या मार्गदर्शकाने काय करावे? हा बचाव मला मान्य नाही. मानमंदिराला लागूनच हत्ती पोळ आहे. त्या दरवाजातून पूर्वेच्या वाटेने थोडे खाली उतरले की चतुर्भुज मंदिर येते. आम्ही मानमंदिराच्या अंगणात चहासाठी जितका वेळ रेंगाळलो, तेवढ्यात जाऊन येता आले असते. काय पाहायचे हे गाडीतळ ठरवतो, आणि जेथे चाक पोहोचत नाही तेथे इतिहास नाही असे समजले जाते. पूर्वेची वाट वगळली की पायथ्याचा गुजरी महालही वगळला जातो. मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधलेल्या त्या वास्तूत आज पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका तेथेच आहे. म्हणजे किल्ल्याकडे जाणारा मूळ राजमार्ग, त्यावरचे एकामागून एक येणारे दरवाजे, शून्य आणि शालभंजिका एवढे सोडून उरतो तो यांचा ‘पुरातन किल्ला’.

सास-बहू मंदिरांपाशी आम्हांला सासू विष्णुभक्त आणि सून शिवभक्त असल्याची कथा रंगवून सांगितली गेली. प्रवासी हसले. मोठ्या मंदिरातील शिलालेख स्पष्ट सांगतो की, कच्छपघात राजा महीपालाच्या काळी, १०९३ मध्ये हे पद्मनाभ विष्णूचे मंदिर पूर्ण झाले. ‘सास-बहू’ हा ‘सहस्रबाहू’ या नावाचा अपभ्रंश असावा, असे अभ्यासक मानतात. लोककथा जरूर सांगावी. लोकांनी एखाद्या वास्तूला आपलेसे कसे केले हे तिच्यातून कळते. परंतु शिलालेख भिंतीवर असताना केवळ विनोद ऐकवून माणसाला परत पाठवणे, ही फसवणूक होय.

आता खाण्याकडे वळतो. संध्याकाळी पाच वाजता आम्हांला एका ठरलेल्या दुकानी उतरविले आणि पुढ्यात बेडई आली. ग्वाल्हेरकरांना मी काय सांगावे! उडदाच्या डाळीचे सारण भरलेली ही पुरी सकाळचे खाणे आहे. कढई तापलेली असते, बटाट्याची पातळ, तिखट भाजी उकळत असते, शेजारी जिलेबी तळली जाते, आणि कामावर निघालेला माणूस उभ्याउभ्याने खाऊन पुढे जातो. संध्याकाळची थंड, चिवट झालेली बेडई पाहून जावई सौजन्याने म्हणाले, “छान आहे.” मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. गजकाचेही तसेच. तीळ आणि गूळ कुटून-कुटून पापुद्रे सोडवलेले हे थंडीतले खाणे. मुरैन्याच्या गजकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या सहली भर ज्येष्ठातही तेच गजक ‘स्थानिक चव’ म्हणून हाती ठेवतात. खाद्यपदार्थाला वेळ असते, ऋतू असतो, त्यामागे कोणाची तरी दिनचर्या असते. ती काढून टाकली की राहते ती नुसती तळलेली कणीक.

याहून मोठी चूक पुढे आहे आणि ती आपल्याशी निगडित आहे. सहलीत किल्ला हा ‘इतिहास’ आणि बाजार हे ‘खाणे’ अशी सरळ विभागणी होती. लष्करच्या गल्ल्यांतून आम्ही चाललो, परंतु या गल्ल्या कोठून आल्या हे कोणी सांगितले नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो पुढे उठलाच नाही. छावणीचे शहर झाले आणि नावही ‘लष्कर’ हेच राहिले. आदल्याच वर्षी ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतरावांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रांत त्या छावणीचे आणि तिच्या बाजाराचे वर्णन आहे. मराठी फौज चाले तेव्हा बाजार तिच्यासंगे चाले; फौज थांबली तेव्हा बाजारही थांबला.

गल्ल्यांची नावे ऐका : शिंदे की छावनी, कंपू, पाटणकर बाजार, फालका बाजार, दाणाओळी, चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ. ही ‘गोठ’ म्हणजे आपला ‘गोट’, सरदाराचा तळ. ‘ओळी’ म्हणजे दुकानांची ओळ. महाराज ‘वाडा’ लोकांच्या तोंडी ‘बाडा’ झाला. दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी छावणीचा नकाशा आजही या पाट्यांवर उघडा पडला आहे, आणि आपण त्याखाली उभे राहून चाट खातो. खाऊगल्ली स्वतःच एक ऐतिहासिक वास्तू आहे, हे त्या मार्गदर्शकाला ठाऊक नव्हते. मराठ्यांबद्दल त्याने दिवसभरात काय सांगितले? जयविलास महालातील साडेतीन टनांची झुंबरे, छताची ताकद अजमावण्यासाठी चढवलेले हत्ती आणि जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी. १८७४ मध्ये बांधलेल्या महालातील ही श्रीमंती खरी आहे. परंतु १७८० मध्ये इंग्रजांनी रातोरात शिड्या लावून घेतलेला किल्ला महादजींनी १७८३ मध्ये परत जिंकला, १८५८ च्या जूनमध्ये याच शहराच्या वेशीवर झाशीची राणी पडली, पुढे १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्याच ताब्यात राहिला, यातले एक अक्षरही उच्चारले गेले नाही. झुंबर तेवढे शिल्लक राहिले.

येथवर वाचून अनेक वाचक माना डोलावत असतील. त्यांना विनंती आहे की, पुढचेही वाचावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या मुलाला घेऊन निघालो. प्रथम उकळत्या भाजीबरोबर गरम बेडई खाल्ली. मग किल्ला दरवाजापाशी रिक्षा सोडली आणि थांबतथांबत, कठड्याला टेकत, पूर्वेची वाट चढलो. मंदिर उघडण्यास थोडा वेळ लागला. मुलाने लेखावर बोट न लावता अंतर राखून ओळी न्याहाळल्या, आणि आकडे सापडल्यावर मला विचारले, “मामाआजोबा, तुम्ही हे पहिल्यांदा कधी पाहिले?”

मी सत्तर वर्षांचा आहे. माझा जन्म लष्करातला. आमचे घराणे सात पिढ्या येथे आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगतो. आणि मी ते शून्य त्या सकाळी पहिल्यांदाच पाहत होतो. मुलाला मी तसे सांगितले. खोटे बोलण्याची इच्छा झाली होती, हेही येथे नोंदवतो.

तेव्हा प्रश्न त्या मार्गदर्शकाचा राहत नाही. तो विशीतला, बारावी शिकलेला पोरगा. त्याला जे ऐकायला मिळाले ते तो सांगतो. त्याला दुसरे काही ऐकवण्याची संधी आपणांस होती. आपल्या मंडळांचे गणेशोत्सव होतात, कोजागिरी होते, वार्षिक स्नेहसंमेलनात पुण्यामुंबईचे वक्ते येऊन आपल्याला मराठी बाणा शिकवून जातात. या साऱ्या वर्षांत आपण मराठी मुलांना एकदा तरी पूर्वेच्या वाटेने वर नेले काय? चिटणीस की गोठ हे नाव का पडले, हे त्या गल्लीत राहणाऱ्या किती मराठी घरांना सांगता येईल? माळ्यावरच्या पेट्यांत मोडी कागद आहेत; ते वाचणारा घरात उरला नाही, म्हणून आपण ते वाळवीच्या स्वाधीन केले. आणि पाहुणे आले की आपणही त्यांना जयविलासची झुंबरेच दाखवायला नेतो. मग सहल-कंपनी वेगळे काय करते? ती निदान पैसे घेते आणि चहा पाजते.

हा प्रश्न ग्वाल्हेरपुरता नाही, हे इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील वाचक जाणतात. आपण जेथे जेथे पिढ्यान्पिढ्या राहिलो, तेथे आपल्या शहराचे सार एका दिवसात आणि चार घासांत बांधून विकले जात आहे. ते थांबणार नाही, आणि थांबावे असेही मी म्हणत नाही. लोक फिरोत, खावोत, त्यावर कोणाची चूल पेटत असेल तर पेटो. परंतु शहराची ओळख करून देण्याचे काम आपण सोडून दिले, म्हणून ते गाडीतळाकडे गेले, एवढे तरी मान्य करू.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या गावातील एक पायवाट ठरवावी, अडीच-तीन तासांची. त्यातील प्रत्येक ठिकाणाची खात्रीची माहिती चार पानांत, मराठीत आणि स्थानिक भाषेतही छापावी. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या कोणीतरी लोकांना विनामूल्य घेऊन जावे. स्थानिक मार्गदर्शकांना मुद्दाम बोलवावे, आणि ती चार पाने त्यांच्या हाती द्यावीत. खाणे सकाळचे असेल तर सकाळी खावे. ग्वाल्हेरची पाने लिहिण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. येत्या माघातील पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी गुजरी महालापाशी उभा असेन. गुडघ्यांचे जे होईल ते होवो.