नायकाचा तोतया

ज्या कलाकृतीवर आपलें प्रेम असतें तिच्यावरच रागावण्याचा आपणांस अधिकार असतो. इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक, वय पन्नाशीपलीकडचें, वास्तव्य महागांवासारख्या तालुक्याच्या गांवीं, आणि वटवाघळाचा मुखवटा चढवून रात्रीं दुष्टांचें पारिपत्य करणाऱ्या एका अमेरिकन वीराचा भक्त! या विसंगतीचें सहकाऱ्यांना हंसूं येतें, येवो बापडें. ख्रिस्तोफर नोलन यांची 'बॅटमन बिगिन्स' (२००५), 'द डार्क नाइट' (२००८) व 'द डार्क नाइट राइझेस' (२०१२) ही चित्रत्रयी मीं अनेकदां पाहिली आहे व विद्यार्थ्यांनाहि आग्रहानें पाहावयास लावली आहे. म्हणूनच तिच्या शेवटाविषयींची जी तक्रार इतकीं वर्षें मनांत ठेविली, ती आज उघडपणें मांडतों. या त्रयीचा शेवट खोटा आहे. आणि 'खोटा' हा शब्द मी येथें त्याच्या नेहमींच्या, व्यवहारांतील अर्थानेंच वापरीत आहें.

हा आरोप नीट समजण्यास कथेचा धागा थोडा मागून धरला पाहिजे. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस गॉथम नगरीचा लोकप्रिय सरकारी वकील हार्वे डेंट सूडानें आंधळा होऊन खून करितो व मरण पावतो. ज्याला नगरीनें आदर्श मानिलें त्याचें हें रूप उघडकीस आलें तर लोकांचा धीर खचेल, म्हणून बॅटमन डेंटचे अपराध स्वतःच्या माथीं घेतो आणि पोलीस अधिकारी गॉर्डन मौन पत्करतो. तिसऱ्या चित्रपटाचा आरंभ यानंतर आठ वर्षांनीं होतो. डेंटच्या नांवानें कायदा झाला आहे, त्याखालीं तुरुंग भरले आहेत, नगरींत शांतता आहे; आणि ही सर्व इमारत एका असत्यावर उभी आहे. खलनायक बेन हा गॉर्डनचा कबुलीजबाब तुरुंगाच्या दारांत जगासमोर वाचून दाखवितो आणि ती इमारत कोसळते. इकडे बॅटमनचा, म्हणजे ब्रूस वेनचा, वृद्ध सेवक आल्फ्रेड यानें धन्याच्या मृत प्रेयसीचें शेवटचें पत्र जाळून टाकिलें होतें. तोहि, आतां सत्याची वाट अडवूं नये अशा भावनेनें, आपली लपवाछपवी कबूल करितो आणि त्यापायीं घराला मुकतो. कथानकें दोन, बोध एकच: दयेपोटीं सांगितलेलें असत्यहि शेवटीं व्याजासह वसूल होतें.

इतका बोध घोकवून घेतल्यावर दिग्दर्शक स्वतः काय करितो? नगरीचा संहार करूं शकणारा बाँब बॅटमन आपल्या विमानाला बांधून समुद्रावर नेतो, स्फोट होतो, नगरी वाचते. नगरी त्याचा पुतळा उभारते. वेनच्या कबरीपाशीं म्हातारा आल्फ्रेड त्याच्या आईबापांची क्षमा मागत ढसढसां रडतो. गॉर्डन तेथें डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) या कादंबरीच्या शेवटांतील शब्द वाचतो. आणि मग फ्लॉरेन्स शहरांतील एका उपाहारगृहांत वेन प्रेयसीसह सुखानें बसलेला दिसतो! विमानाचें स्वयंचालन त्यानें सहा महिन्यांपूर्वींच दुरुस्त करून ठेविलें होतें, अशी सारवासारवहि केलेली आहे. ज्या चित्रपटानें डेंटच्या खोट्या साधुत्वावरील शांति निषिद्ध ठरविली, तोच बॅटमनच्या खोट्या हौतात्म्यावर नवी शांति उभारतो, आणि त्याची त्याला जाणीवहि नाहीं. डिकन्सचा सिडनी कार्टन दुसऱ्यासाठीं गिलोटिनखालीं खरोखर मरतो. त्याच्या मरणाचे शब्द रिकाम्या कबरीवर उच्चारणें म्हणजे दुसऱ्याच्या चितेवर आपली पोळी भाजून घेणें होय.

माझा एक विद्यार्थी या मतावर चिडून म्हणाला, "सर, जन्मभर सोसलेल्या माणसाला शेवटीं दोन घटका सुख मिळालें, तर तुमचें काय बिघडलें?" प्रश्न रास्त आहे. माझें कांहीं बिघडलें नाहीं, आल्फ्रेडचें बिघडलें. वेनला मुखवटा उतरवून जगावयाचें होतें तर त्यानें उघडपणें जगावें. त्यांत कमीपणा नव्हता. परंतु ज्यानें आपणांस लहानाचें मोठें केलें, त्याला कबरीवर रडत ठेवून आपण परदेशीं निघून जाणें, याला विश्रांति म्हणावयाचें कीं निर्दयता? कांहीं चाहते तें शेवटचें दृश्य आल्फ्रेडचें स्वप्न ठरवून सुटका करून घेतात. पण दुरुस्तीचा पुरावा आल्फ्रेडला स्वप्नांत सांपडलेला नाहीं, तो वेनच्या सहकाऱ्याला भर दिवसा मिळालेला आहे.

वीराचें मरण न स्वीकारल्यानें काय होतें, हें महाराष्ट्राला कोणीं शिकवावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत, ही आशा अनेकांनीं सोडली नाहीं. पार्वतीबाईंनीं १७८३ मध्यें मरेपर्यंत वैधव्य पत्करलें नाहीं. या आशेच्या ओलीवरच तोतयाचें पीक आलें. भाऊ म्हणून मिरविणारा एक मनुष्य १७७६ मध्यें कोंकणांत बंड करून उठला, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि त्याच सालीं त्याला पुण्यांत देहान्त शासन झालें. न. चिं. केळकरांनीं 'तोतयाचें बंड' या नाटकांत हीच हकीगत रंगविली. पार्वतीबाईंच्या आशेला कोण दोष देईल? दोष त्या आशेचा व्यापार करणाऱ्याचा. नोलन यांनीं हाच व्यापार केला. फरक इतकाच कीं, त्यांना तोतया बाहेरून आणावा लागला नाहीं. त्यांनीं आपल्या नायकालाच स्वतःचा तोतया केलें.

यावर पंडित म्हणतील कीं, सुखान्त हा आपल्या परंपरेचाच मार्ग. भवभूतीनेंहि 'उत्तररामचरितां'त करुण शेवट बदलून रामसीतेची भेट घडविली. घडविली खरी, पण कशी? सातव्या अंकांत, गंगातीरीं, भर सभेसमोर, ज्या प्रजेच्या अपवादामुळें सीतेला वनवास भोगावा लागला तिलाच साक्षी ठेवून. तेथें सुख सर्वांच्या देखत येतें. येथें तें नगरीच्या पाठीमागें चोरून भोगलें जातें.

प्रेक्षकांना नायकाचें मरण सोसत नाहीं, ही तर निव्वळ दुकानदारी सबब. १९१९ सालीं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. सिंधू मरते, सुधाकर विष घेतो. तरी बालगंधर्वांची सिंधू पाहावयास मराठी कुटुंबें पुन्हां पुन्हां जात. २०२२ मध्यें 'पावनखिंड' हा चित्रपट आला. १६६० सालच्या त्या झुंजींतून बाजीप्रभु परत आले नाहींत, हें तिकीट काढणाऱ्या शाळकरी मुलालाहि ठाऊक होतें. बाजी पुढें भलत्याच मुलखांत सुखानें नांदले असें कोणी दाखविलें असतें, तर त्याच मुलांनीं पडदा फाडला असता.

हा वाद मी केवळ रसिकतेसाठीं घालीत नाहीं. आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर ठाऊक झालेला. माझ्या वर्गांत अशीं मुलें बसतात कीं ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष एका सकाळीं गेला तो गेलाच. त्यांच्या आईला तो कोणत्याहि उपाहारगृहांत पलीकडच्या मेजावर दिसणार नाहीं. हीं मुलें हौसेनें बॅटमन पाहतात. त्या विहिरीसारख्या खोल तुरुंगांतून तो वारंवार पडूनहि शेवटीं चढून वर येतो, तेव्हां त्यांच्या मुठी आवळतात. वर आल्यावरचें दृश्य आपल्याच जोधपूरच्या मेहरानगडापाशीं चित्रित झालें आहे, हें सांगितलें कीं त्यांना अधिकच आनंद होतो. पडल्यावर उठावें कसें हें ज्यानें शिकविलें, त्यानें गेलेल्याचा शोक खरेपणानें कसा करावा हेंहि शिकवावयास हवें होतें. दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस बदनामी पाठीवर घेऊन अंधारांत धांवत गेलेला तो वीर या मुलांचा होता. असत्य तेथेंहि होतें, पण त्याची किंमत तो स्वतः भरीत होता. येथें ती एका म्हाताऱ्या नोकराकडून वसूल झाली.

पुढच्या वर्षीं ही त्रयी वर्गांत पुन्हां दाखवीन, कारण प्रेम सुटत नाहीं. आणि शेवटासकट दाखवीन, कारण लपवाछपवीला विरोध करणाऱ्यानें स्वतः कात्री चालवूं नये. मात्र दिवे लागल्यावर फळ्यावर एकच प्रश्न लिहीन: आल्फ्रेडनें सर्वांची क्षमा मागितली, आल्फ्रेडची क्षमा कोणीं मागितली?