तरुणांचे अचानक मृत्यू लशीमुळे? आधी विचारा, कोणती लस
तरुणाला हार्ट अटॅक आला की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो: 'लशीमुळेच!' यात तथ्य किती?

फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज, म्हणजेच मायोकार्डायटिस, येते. २०२१ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत हे समोर आलं. बहुतेक रुग्ण तरुण पुरुष होते आणि त्रास दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांतच सुरू झाला.

भारतात मात्र बहुतेकांनी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. या एमआरएनए लशी नाहीत. कोविशील्डचा दुर्मिळ धोका वेगळा आहे: रक्ताच्या गुठळ्या.

१८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने अभ्यास केला. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत लशीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही.

त्यामुळे छातीत दुखलं तर फॉरवर्ड वाचत बसू नका, डॉक्टरांना गाठा.