पटकीचे विष उसने आहे

पूर आला की जयसिंगपुरात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात : अलमट्टीतून विसर्ग किती आणि नृसिंहवाडीला पाणी किती फुटांवर. पाणी ओसरले की तिसऱ्या आकड्याची चौकशी सुरू होते, गॅस्ट्रोच्या रुग्णांची. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शिरोळ तालुक्याला ही चिंता समजावून सांगायला नको. मात्र 'गॅस्ट्रो' हे काही रोगाचे नाव नव्हे. त्या एका शब्दाखाली साधे जुलाब असतात, तशी पटकीही असू शकते.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू मुळात पाण्यात राहणारा. त्याचे बहुतेक प्रकार साथ आणत नाहीत. माणूस आजारी पडतो तो या जिवाणूने सोडलेल्या विषामुळे. हे १९५९ मध्ये कोलकात्यात डॉ. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले. हे विष आतड्याच्या पेशींतून क्षार बाहेर सोडायला लावते, क्षारांमागे पाणी जाते. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते.

पण विष बनवण्याची कृती जिवाणूची स्वतःची नाही, हे कळायला १९९६ उजाडले. वाल्डोर आणि मेकॅलॅनोस या अमेरिकेतील संशोधकांना आढळले की विषाचे जनुक एका विषाणूचे आहे. जिवाणूंनाच लागण करणारा हा धाग्यासारखा विषाणू. तो यजमानाला मारत नाही, त्याच्या जनुकसंचात मुक्काम ठोकतो. जिवाणू दुभंगला की विषाणूचीही नक्कल होते. जुलाबावाटे कोट्यवधी जिवाणू पुन्हा पाण्यात जातात, त्यांच्यासोबत हा पाहुणाही. शिवाय जिवाणूच्या अंगावरच्या ज्या तंतूंना धरून तो आत शिरतो, तेच तंतू जिवाणूला आतड्यात वस्ती करायला लागतात. म्हणजे निरुपद्रवी जिवाणू विषारी होण्याचा प्रकार पोटातही घडू शकतो. उंदरांच्या आतड्यात तो घडलेला दिसला आहे.

ही फक्त इतिहासातली गोष्ट नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी, कोयलारी भागात उघड्या विहिरीचे पाणी प्यावे लागलेल्या गावांत कॉलरा पसरला आणि माणसे दगावली.

घटसर्पाचे विषही असेच विषाणूने दिलेले. बाळांना टोचली जाते ती लस त्या विषाविरुद्ध असते, जिवाणूविरुद्ध नव्हे. म्हणून घशात जंतू असूनही लस घेतलेले मूल सहसा बचावते, आणि बूस्टर चुकलेल्या शेजारच्या मुलाला तोच जंतू भोवतो.

२०११ मध्ये जर्मनीत ई-कोलायच्या एका प्रकाराने पन्नासहून अधिक बळी घेतले, शेकडो जणांची मूत्रपिंडे निकामी केली. त्यालाही शिगा नावाच्या विषाचे जनुक विषाणूकडूनच मिळाले होते. संशय गेला तो मोड आलेल्या मेथीवर, तीही कच्ची खाल्लेली. (आपली मटकी कटात उकळते, हे बरे.)

या प्रकरणातला मुद्दा आपल्या मेडिकल दुकानांपर्यंत येतो. काही प्रतिजैविके, विशेषतः डीएनएवर घाव घालणारी, जिवाणूतल्या झोपलेल्या विषाणूला जागे करतात. तो भराभर वाढतो, जिवाणू फोडून बाहेर पडतो आणि विष एकदम सुटते. अशा ई-कोलायच्या रुग्णाला त्यामुळे प्रतिजैविक देणे टाळतात. उलट आपल्याकडे रक्ताची आव बहुधा शिगेलामुळे होते आणि तिथे प्रतिजैविक द्यावे लागते. कोणते दुखणे कोणते, हे काउंटरवर उभ्या माणसाला ओळखता येणार नाही. तरी पूर ओसरल्यावर चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या मागणारे कमी नसतात. पटकीत जीव वाचवते ती वेळेवर दिलेली जलसंजीवनी, अत्यवस्थ असेल तर सलाइन. प्रतिजैविक नंतरची गोष्ट, तेही डॉक्टरांच्या हातचे.

टीसीएल पावडर आणि ओटी टेस्ट यांना पर्याय नाही. पण पाणी नमुना 'अयोग्य' आला तर त्यात मैल्याचे जंतू आहेत एवढेच कळते. विषारी कोण, ते कळत नाही. त्यासाठी पहिल्या काही रुग्णांच्या शौचाचे नमुने, औषध सुरू होण्याआधीच, प्रयोगशाळेत जायला हवेत. पुराच्या धांदलीत नेमके तेच राहून जाते, आणि साथीच्या बातमीत 'गॅस्ट्रो' एवढाच शब्द उरतो.