सुधारकाविना सुधारणा

मराठीत ‘सुधारणा’ हा शब्द एकटा कधी आलेला नाही. आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढले तेव्हा त्याला नाव दिले ते कर्त्याचे, ‘सुधारक’ असे. सुधारणा कोण करतो, कोणाला दुखवून करतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न त्या शब्दाच्या पाठोपाठ येतच. आगरकरांनी ती किंमत मोजली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली. गेल्या वीसपंचवीस वर्षांत हाच शब्द आमच्या महाविद्यालयांत दुसऱ्या दाराने आला आहे. त्याच्या मागे ‘सातत्यपूर्ण’ हे विशेषण आहे, पुढे अहवालाचा नमुना आहे, आणि कर्ता मात्र कुठेच नाही. सुधारणा ‘केली जाते’, ‘राबविली जाते’, ‘नोंदविली जाते’. कर्मणी प्रयोगाचे असे पीक साहित्याच्या विद्यार्थ्यांना अन्यत्र क्वचितच सापडेल.

या विद्येचे मूळ नाव कायझेन, आणि तिच्या थोरल्या भावाचे लीन मॅनेजमेंट. (कार्यशाळांतून हमखास सांगितले जाते की ‘कायझेन’मधले ‘झेन’ म्हणजे बौद्धांचा झेन पंथ. तसे काही नाही. ती दोन निराळी चिन्हे आहेत. कायझेनचा अर्थ साधा, ‘बदलून चांगले करणे’.) माझे म्हणणे आरंभीच सांगतो. ज्या कारखान्यांतून ही विद्या आली तिथे तिचा प्राण होता तो काम थांबवण्याचा कामगाराचा अधिकार. आमच्याकडे येताना तक्ते आले, कोष्टके आली, भिंतीवरची घोषवाक्ये आली, आणि तो अधिकार तेवढा वाटेत गळाला. यात नुसती अपुरी नक्कल नाही. मूळ संहितेचा अर्थच इथे उलटा झाला आहे.

मूळ संहिता मागापाशी सुरू होते. साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मागांवर प्रयोग केले आणि १९२४ मध्ये त्याचा प्रसिद्ध स्वयंचलित माग पुरा झाला. त्या मागाचा वेग मोठा होता, पण खरी करामत निराळी होती: धागा तुटला की माग आपण होऊन थांबे. ज्यांनी इचलकरंजी किंवा मालेगाव पाहिले आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. धागा तुटल्यावरही चालत राहिलेला माग वारभर नासके कापड विणून ठेवतो. या थांबण्याला पुढे ‘जिदोका’ हे नाव मिळाले. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले, साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला, आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. या कंपनीत कापडगिरणीतून आलेल्या ताइइची ओनो याने मागाचे तत्त्व माणसांना लावले. कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. काही चुकते आहे असे दिसताच कोणत्याही कामगाराने ती ओढावी, मुकादमाने धावत यावे, आणि दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर सारी रांग थांबावी. मोटारीच्या कारखान्यात रांग थांबणे हे तोवर महापातक समजले जाई. ओनोच्या लेखी रांग कधीच न थांबणे हेच संशयास्पद होते.

ओनोबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती आमच्या व्यवसायाच्या फार जवळची आहे. तो जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढी आणि नव्या अभियंत्याला त्यात तासन्‌तास उभे करी. काम एकच, समोर काय चालले आहे ते पाहणे. काही वेळाने येऊन विचारी, काय दिसले? उत्तर वरवरचे असेल तर अभियंत्याने पुन्हा उभे राहायचे. बिघाडाचे कारणही तो एकदा विचारून सोडत नसे, ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा. यंत्र बंद का पडले, फ्यूज का गेला, भार का वाढला, वंगण का पोचले नाही, पंप का झिजला. एकाच कवितेपुढे विद्यार्थ्याला तासभर बसवणारा मास्तर याहून निराळे काय करतो? आणि नेमका हाच तास आमच्याकडे अपव्यय म्हणून मोजला जातो.

दोरी आणि कोष्टक यांतला फरक कळायला अमेरिकेतली दोन गावे पुरेशी आहेत. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक बदनाम कारखाना होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, भांडणे, दारू, मुद्दाम केलेले बिघाड. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सशी भागीदारी करून तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने उघडला; बहुतेक कामगार तेच, संघटनाही तीच. कामगारांच्या हाती दोरी दिली गेली आणि करारात वचन होते की कंपनीच्या अस्तित्वावरच बेतल्याखेरीज कोणाला कामावरून काढणार नाही. १९८८ च्या सुमारास मागणी घटली तेव्हा ते पाळलेही गेले. रिकाम्या वेळात माणसांना घरी न धाडता प्रशिक्षणाला बसवले. थोड्याच काळात तिथल्या मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या निघू लागल्या. मग जनरल मोटर्सने हाच प्रयोग लॉस अँजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमध्ये करायचे ठरवले. गट नेमले, शब्द आले, प्रशिक्षणे झाली. पण साहेबमंडळींचा हिशोब अजून किती गाड्या बाहेर पडल्या यावरच होता, तेव्हा रांग थांबवणे कोणाला परवडणार? प्रयोग फसला आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. ‘लीन’ म्हणजे सडपातळ हे नाव या पद्धतीला देणारा जॉन क्राफसिक स्वतः नुम्मीत काम करून आलेला होता; त्याचा लेख १९८८ चा. सडपातळ होण्याआधी तिथे काय कबूल करावे लागले होते, हे नावात मावले नाही आणि जगाने नाव तेवढे उचलले.

आता आमचे व्हॅन नाइस. १९९४ मध्ये नॅक स्थापन झाली, मागोमाग प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आला, वार्षिक अहवाल आला, ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’चे प्रकरण आले. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१० च्या यूजीसी नियमांनी अध्यापकाच्या कामाला एपीआयचे गुण लावले तेव्हा काय घडले ते ओनोच्याच भाषेत सांगता येते. त्याने अपव्ययाचे सात प्रकार सांगितले आणि त्यांत सर्वांत वाईट ठरवला तो अतिउत्पादनाचा: कोणी न मागितलेले बनवून ठेवणे. चर्चासत्रांची प्रमाणपत्रे, कोणी न वाचलेले शोधनिबंध, पैसे भरून छापणारी आयएसएसएनधारी नियतकालिके. हे पीक इतके माजले की ते आवरायला आयोगालाच पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या याद्या कराव्या लागल्या. २०१८ मध्ये नियम बदलले. संशोधनाचे गुण मोजणे राहिलेच. अपव्यय हटवण्याच्या नावाखाली अपव्ययाचा कारखाना काढणे यालाच म्हणतात. गुणवत्तेच्या व्याख्यानांत ज्यांचा फोटो पहिल्या स्लाइडवर असतो त्या डेमिंग यांनी आपल्या चौदा सूत्रांत भीती घालवा असे सांगितले होते, आकड्यांची उद्दिष्टे काढून टाका असे सांगितले होते, आणि माणसांचे वार्षिक गुणांकन बंद करा असेही. फोटो राहिला, सूत्रे दुसऱ्या स्लाइडवर पोचली नाहीत.

एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही) ग्रंथालयात ‘फाइव्ह एस’ राबवले गेले, तेव्हा मी तिथे होतो. त्यातली पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे लागणारे आणि न लागणारे वेगळे करणे. तीन वर्षांत ज्या पुस्तकाची एकदाही देवघेव झाली नाही त्याला लाल चिठ्ठी. चिठ्ठ्या लावणारी मुले उत्साही होती, यादी संगणकाने काढलेली होती, आणि तीत दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सगळे खंड होते. साहजिक आहे. शब्दकोश हा संदर्भग्रंथ. तो घरी नेता येत नाही, तिथेच बसून पाहावा लागतो. त्यामुळे त्याच्या देवघेवीचा आकडा जन्मापासून शून्य! ग्रंथपालबाईंना हे ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते आणि यादी थांबवण्याची मुभा त्यांना नव्हती. ओनोच्या कारखान्यात त्यांनी दोरी ओढली असती. इथे त्यांनी चिठ्ठ्या लागू दिल्या आणि संध्याकाळी एकेक काढून टाकल्या, चोरून.

अपव्ययाच्या सात प्रकारांत ‘प्रतीक्षा’ हाही एक आहे, आणि तिच्यावरचा उपाय ‘जस्ट इन टाइम’: जे हवे ते हवे तेव्हा, हवे तेवढेच. त्याचे सर्वांत निर्दोष प्रात्यक्षिक मोटारींत नाही, आमच्या स्टाफरूममध्ये बसलेले असते. तासिका तत्त्वावरचा अध्यापक. तो तासापुरता येतो, तासाचे पैसे घेतो, सुटीत अस्तित्वात नसतो आणि दरवर्षी नव्याने मुलाखत देतो. मराठी विषयात नेट, सेट, पीएच.डी. होऊन चाळिशी गाठलेली अशी माणसे वाचकांपैकी प्रत्येकाच्या ओळखीची असतील. काही वाचक स्वतःच तसे असतील. गुणवत्ता कक्षाचा अहवाल पुष्कळदा हीच माणसे टंकित करतात. व्यवस्थेत काय चुकते आहे हे त्यांना सर्वांत स्वच्छ दिसते, आणि बोलण्याची सोय सर्वांत कमी त्यांनाच असते. नोकरीची हमी नाही तिथे दोरी बांधली तरी ओढणार कोण? नुम्मीच्या करारात दोरीबरोबर वचन का होते, याचे उत्तर इथे आहे.

याचा अर्थ टोयोटाची आरती करावी असा नाही. ओनोने ‘मुदा’ म्हणजे अपव्यय या शब्दाबरोबर ‘मुरा’ म्हणजे विषमता आणि ‘मुरी’ म्हणजे न पेलणारा भार हे दोन शब्दही ठेवले होते. व्यवस्थापनाच्या बाजारात ‘मुदा’ खपला. ‘मुरी’ खुद्द टोयोटातही पुष्कळदा विसरली गेली. सातोशी कामाता हा पत्रकार १९७२ मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटाच्या रांगेवर उभा राहिला आणि त्याने रोजनिशी लिहिली. तिच्या जपानी नावातच कारखान्याला निराशेचे विशेषण आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांच्या शेजारी ते पुस्तक ठेवून वाचण्याचे काम साहित्याच्या विभागांचे होते, ते आपण केले नाही. २००२ मध्ये टोयोटाच्या त्सुत्सुमी कारखान्यातला तीस वर्षांचा एक गुणवत्ता तपासनीस कामावरच कोसळून मरण पावला. २००७ च्या नोव्हेंबरात नागोयाच्या न्यायालयाने तो मृत्यू अतिश्रमाचा ठरवला. त्या खटल्यातला कळीचा मुद्दा कायझेनचाच होता: क्वालिटी सर्कलच्या बैठका आणि सूचना लिहिणे हे ‘स्वेच्छेचे’ मानले जाई, न्यायालय म्हणाले, हे काम आहे. २००८ मध्ये कंपनीने त्या वेळाचा पूर्ण मोबदला देण्यास सुरुवात केली. आमच्याकडे रविवारी भरणाऱ्या ‘स्वेच्छेच्या’ गुणवत्ता बैठकांना हा निकाल अजून कोणी वाचून दाखवलेला नाही.

आता आमच्या बाजूचे थोडे. वर लिहिलेले वाचून साहित्याचे काही प्राध्यापक खूश होतील, आणि ती खुशी मला नको आहे. साहित्याला कसली आली कार्यक्षमता, हे वाक्य फेकून जो वीस वर्षे पिवळ्या पडलेल्या त्याच टिपणांवर तास काढतो, तो नासके कापड विणणारा मागच आहे. विद्यार्थी मूळ कादंबरी न उघडता गाइडवर उत्तीर्ण होतो, हा धागा तुटल्याला पिढी उलटली. कोणी ‘का?’ असे पाच वेळा सोडाच, एकदा तरी विचारले का? प्रश्नपत्रिका ठरावीक का, उत्तरपत्रिका इतक्या घाईत का तपासल्या जातात, वर्गात पुस्तकच का नसते? या विषयात आपल्याला खडूचे वर्तुळ हवे आहे आणि आपण ते दुसऱ्यासाठी काढण्यात पटाईत आहोत. बाहेरून लादलेल्या मोजमापाला नाही म्हणण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने स्वतःच्या वर्गाकडे तासभर नीट पाहिले आहे.

मूळ घराणे मात्र शिकत असते. २०११ च्या भूकंपानंतर पुरवठा तुटला तेव्हा टोयोटाने आपल्या जोखमीच्या भागांची यादी केली आणि पुरवठादारांना इलेक्ट्रॉनिक चिप्सचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. साठा, म्हणजे सात अपव्ययांतला एक! २०२१ च्या सुरुवातीला चिप्सअभावी जगभरचे कारखाने थंडावले तेव्हा टोयोटा निदान काही महिने इतरांपेक्षा बरी तरली. ‘न लागणारे’ ते हेच की काय, याचा पुनर्विचार मूळ संस्थेने दहा वर्षांपूर्वीच केला होता. चेले तोवर गोदामे रिकामी करत होते आणि शब्दकोशांना लाल चिठ्ठ्या लावत होते.

गुणवत्ता कक्षाच्या पुढच्या बैठकीत पुन्हा ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ हे शब्द येतील तेव्हा साहित्याच्या अध्यापकाने एवढेच विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे: या महाविद्यालयात दोरी कुठे आहे, आणि ती ओढणाऱ्या तासिकेवरच्या माणसाला पुढच्या जूनमध्ये पुन्हा बोलावतील का?