आडवाटेचा स्टोव्ह



आपल्या वस्तीतली कमावती पोरे आता सुट्टीत फक्त गावाकडेच जातात असे नाही. चार-पाच जण वर्गणी काढतात, भाड्याची जीप करतात आणि थेट मनालीहून लेहला निघतात. पूर्वी ही हौस साहेबलोकांची होती. आपली मुलेही जग पाहतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण आनंदाचाही हिशेब मांडावा लागतो. म्हणून आज सामानातल्या एका लहान वस्तूविषयी, म्हणजे स्टोव्हविषयी लिहीत आहोत.

तो न्यावा का? जरूर न्यावा. ही वाट सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. २०२० मध्ये अटल बोगदा झाला आणि रोहतांग चुकला, तरी पुढे बारालाचा, टांगलांग अशा सोळा-सतरा हजार फुटांच्या खिंडी आहेतच. दरड कोसळते, अवेळी बर्फ पडते, दुपारनंतर वितळलेल्या बर्फाने नाले फुगतात आणि गाडी रात्रभर अडकते. आसपास ना गाव, ना टपरी. अशा वेळी घोटभर गरम चहा फार मोठा आधार असतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी शिजत नाही. तेव्हा छोटा कुकर घ्यावा, नाहीतर सातूचे पीठ, पोहे, शेंगदाणे, गूळ बरोबर असू द्यावे. दुसरे म्हणजे नुसता ब्युटेन भरलेला गॅसचा कॅन शून्य अंशाजवळ मान टाकतो. प्रोपेन मिसळलेला कॅन घ्यावा किंवा आपला जुना पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह, पिन आणि जादा वायसरसह. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीही घालू नये. पेटत्या स्टोव्हमध्ये तेल ओतू नये. भडका म्हणजे काय, हे आपल्या आया-बहिणींना कुणी शिकवायला नको.

भरलेला कॅन रेल्वेतून अजिबात नेऊ नये; मनालीतच विकत घ्यावा. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्टेशनात पर्यटकांच्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जणांचे प्राण गेले.

आता सर्वांत महत्त्वाचे. थंडी वाजते म्हणून गाडीच्या काचा लावून आत स्टोव्ह पेटवण्याचा मोह होतो. तिथेच घात होतो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. उंचावरची विरळ हवा बाधते तेव्हाही नेमके हेच होते. त्यामुळे पोरे म्हणतात, ‘हवा लागली, जरा झोपतो.’ आणि ती झोप शेवटची ठरू शकते.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात मोटारी अडकून वीसहून अधिक माणसे मेली. काचा बंद, हीटर चालू, अशा मोटारींत काही जण याच वायूने दगावले, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. बर्फाने गाडीची धूर सोडणारी नळी बुजली की धूर आतच येतो.

तेव्हा स्टोव्ह गाडीबाहेर, दगडाच्या आडोशाला, सपाट जागी पेटवावा. तंबूतही नको. पाणी तापवून बाटलीत भरावे आणि ती बाटली पांघरुणात घ्यावी. ऊब मिळते, जीवही राहतो. कुणाचे डोके दुखू लागले तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, मग खाली उतरवावे आणि डॉक्टर गाठावा.

आयांनो, मुलगा निघताना तुम्ही चटणी-भाकरी बांधून देताच. त्या पिशवीत हे कात्रणही घाला. आईने दिलेले तो सहसा फेकत नाही.