देणगीनंतरचे काम

सेवाभावी क्लबांचे निधिसंकलन म्हटले की मेजवान्या, हारतुरे आणि छायाचित्रे एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येते. हा उपहास सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण तो अन्यायाचा आहे खास. १९८५ साली रोटरीने जगातील बालकांना पोलिओपासून मुक्त करण्याचा संकल्प सोडला. उद्दिष्ट १२ कोटी डॉलरांचे होते. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम जमली.

परंतु केवळ पैशाने रोग हटत नाही. लसीकरणाच्या दिवशी बूथवर उभे राहणे, साशंक आईबापांची समजूत घालणे, राहून गेलेल्या मुलासाठी त्याच घराची पायरी पुन्हा चढणे, हे काम आरोग्यसेवकांच्या जोडीने सभासदांनी वर्षानुवर्षे केले. नैसर्गिक विषाणूने पोलिओ झालेला भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

आपल्या शहरातील क्लबांनी यातून एकच बोध घ्यावा. दरवर्षी अध्यक्ष बदलतो, म्हणून कार्यही बदलण्याची हौस सोडावी. एकाने शाळेत बसविलेले पाण्याचे यंत्र दुसऱ्याच्या कारकीर्दीत गंजत पडावे, ही सेवा नव्हे. एकच काम निवडावे, ते दहा वर्षे टिकवावे आणि जमाखर्च चोख ठेवून देणगीदारांपुढे मांडावा. हसणाऱ्या नागरिकांनीही मदतीच्या कार्यक्रमाचे तिकीट घेऊन मोकळे होऊ नये. आठवड्यातील दोन तास द्यावेत. पैशापेक्षा या दोन तासांचीच वाण अधिक आहे.