बॅच दहावीची की पाचवीची?

दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या जळगावकडचं कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा, आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते. 'वीस वर्षांनी पुन्हा भरला दहावीचा वर्ग'. आकडा तेवढा बदलतो. कधी वीस, कधी पंचवीस, कधी चाळीस. फोटोत पुढच्या रांगेत शाल-श्रीफळ घेतलेले गुरुजी, मागे फेटे बांधलेले बाप्ये, एकाच रंगाच्या साड्या नेसलेल्या बाया, आणि डोक्यावर फ्लेक्स. मजकूरही ठरलेला असतो. घंटा वाजली, प्रार्थना झाली, हजेरी झाली, सगळे भावुक झाले, शाळेला वॉटर कूलर भेट दिला.

या मेळाव्यांची टिंगल करायला मी बसलेलो नाही. मला ते आवडतात. ज्या गावातून निम्मी पोरं पुणे, सुरत, नाशिक अशी पांगतात, त्या गावात वर्षा-दोन वर्षांतून चाळीस जण एका ओट्यावर येऊन बसले तर त्यात वाईट काय? माझं भांडण फक्त फ्लेक्सवरच्या एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'दहावी'.

आता आमचं सांगतो. आम्ही नशिराबादचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, जळगावहून भुसावळकडे निघालं की हायवेवर आठ-दहा किलोमीटरवर जे मोठं गाव लागतं ते. सिमेंटचा कारखाना आहे, आता टोलनाकाही आहे :-) आमची दहावी मार्च २०१३ ची. येत्या डिसेंबरात आमच्या बॅचचा पहिला मेळावा ठरतोय. डिसेंबर का, तर खानदेशात त्या दिवसांत दुसरं काही ठरूच शकत नाही. शेतात काट्या पेटवायच्या, वांगी भाजायची, भरीत कुटायचं आणि कळण्याच्या पुऱ्यांसोबत खायचं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. (वांगी बामणोदची आणायची, यावरही.)

मतभेद झाला तो यादीवरून. पाचवीत आम्ही साठाच्या वर होतो. ग्रुपवर अडतीस आहेत. मी विचारलं, बाकीचे कुठे? एकेक नाव निघालं. त्यावर एकाने लिहिलं, "भो, तो तर नववीतच गेला ना. तो आपल्या बॅचचा कसा काय?"

प्रश्न प्रामाणिक होता, त्यात कुजकेपणा नव्हता. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. ग्रुपवर दोन ओळींत ते मावत नव्हतं, म्हणून हा शनिवार.

बॅच म्हणजे काय? कॉलेजात त्याचा अर्थ सरळ आहे. डिग्रीचं वर्ष. पण गावातली शाळा म्हणजे कॉलेज नव्हे. आमच्याकडे चौथीपर्यंत पोरं जिल्हा परिषदेच्या वेगवेगळ्या शाळांत असायची आणि पाचवीला हायस्कुलात एकत्र यायची. गावातली, मळ्यातली, भादलीकडची, सगळी एका वर्गात. जून २००७ मध्ये आम्ही असे एकत्र आलो. कोण कोणाशेजारी बसणार, कोणाचा डबा कोण खाणार, कोणाला काय चिडवायचं, हे सगळं पाचवी-सहावीतच ठरलं. दहावीत काय होतं? क्लास, सराव परीक्षा, अपेक्षित प्रश्नसंच आणि निरोप समारंभाला रडारड. मेळाव्यात ज्या आठवणी निघतात त्यातल्या दहातल्या आठ दहावीच्या नसतातच.

आणि त्या आठ आठवणींत कोण असतं, ते बघा.

आमच्या वर्गात एक जण होता, ज्याला सायकलची चेन दोन मिनिटांत चढवता यायची. सरांच्या लुनापासून शाळेच्या पंपापर्यंत काहीही बिघडलं की त्याला हाक जायची. आठवीनंतर तो हायवेवरच्या गॅरेजला लागला. एक मुलगी होती, भूमितीची प्रमेयं फळ्यावर न अडखळता लिहायची. नववीची परीक्षा झाली आणि सुट्टीतच तिचं लग्न लागलं, सुरतेकडे दिलं. एक जण दहावीला गणितात राहिला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा राहिला. आता जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कंपनीत पाळीवर जातो. एकाचे वडील भुसावळला रेल्वेत होते, त्यांची बदली झाली आणि तो सातवीतून गेला. वर्गाचे किस्से सांगायला बसलो की दर तिसऱ्या किश्श्यात या चौघांपैकी कोणीतरी आहे. पण ग्रुपवर चौघांपैकी एकही नाही.

म्हणजे आठवणीत ते आहेत आणि यादीत नाहीत. हा हिशोब मला जुळत नाही.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कंटाळा येणार नाही इतपतच. समजा दोन तक्ते आहेत, एक पाचवीच्या पोरांचा, एक दहावी पास झालेल्यांचा. दोन्ही जोडायचे दोन मार्ग आहेत. एकाला इनर जॉइन म्हणतात. त्यात दोन्ही तक्त्यांत नाव असलेले तेवढे उरतात, बाकीचे गायब. गायब झाले हेसुद्धा कळत नाही. दुसरा लेफ्ट जॉइन. त्यात पाचवीचे सगळे येतात, आणि ज्याची दहावी सापडत नाही त्याच्यापुढे रिकामी जागा राहते. त्या रिकाम्या जागेला आम्ही नल म्हणतो. नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतात की नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे माहिती नाही. आपले मेळावे इनर जॉइनवर चालतात, एवढंच माझं म्हणणं आहे.

बरं, ही गळती म्हणजे आमच्याच वर्गाचं दुर्दैव होतं का? अजिबात नाही. आमच्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ८३ टक्क्यांच्या आसपास लागला होता. म्हणजे परीक्षेपर्यंत पोचलेल्या शंभरातले सतरा तिथेच गळले. त्याआधी नववीची चाळणी. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं ठरलं. हेतू चांगलाच होता. पण आठवीपर्यंत न अडलेलं पोर नववीत आपटायचं, आणि दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीतच हात आखडता घेणाऱ्या शाळा काही कमी नव्हत्या. मुलींचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. पाचातल्या एकीहून जास्त. या कोणी परक्या बायका नाहीत, आमच्याच वयाच्या, आमच्याच आगेमागे शाळेत असलेल्या मुली आहेत.

मग 'दहावी बॅच २०१३' असा फ्लेक्स लावतो तेव्हा आपण नेमकं काय साजरं करतो? सोबत, की चाळणीतून वर राहिलो हे?

कोणी म्हणेल, अरे पण कुठेतरी रेघ मारावीच लागते. मान्य. पण दहावीची रेघ काही देवाने आखलेली नाही. आमच्या आधीच्या पिढीला अकरावी मॅट्रिक होती, महाराष्ट्रात दहावीची परीक्षा आली ती १९७५ साली. २०२१ ला तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या पोरांची बॅच बॅच नाही का? परीक्षेचं गणित सरकार बदलतं, बोर्ड बदलतं. एका बाकावर बसलेली सहा वर्षं कोणी बदलू शकत नाही.

साने गुरुजींचंच बघा. खानदेशात त्यांचं नाव निघालं की अमळनेर आठवतं. १९२४ ते ३० ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. पण विद्यार्थी म्हणून त्यांची स्वतःची बॅच कुठली? दापोलीच्या शाळेत होते, गरिबीपायी ती सोडून औंधला गेले. तिथे प्लेग आला, तेही सुटलं. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली मॅट्रिक झाले. आपल्या नियमाने दापोलीच्या पोरांनी मेळावा घेतला असता तर साने गुरुजींना बोलावणं गेलं नसतं. "तो तर मधूनच गेला ना!" आणि आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आसोदा आहे, बहिणाबाईंचं माहेर. त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आता यावरचे आक्षेप. तिन्ही मी ग्रुपवर ऐकलेत.

पहिला, "त्यांनाच यायचं नसतं." असेलही. पण न बोलावता हे कसं कळलं? बोलावल्यावर नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहे. त्यांच्या वतीने आपणच नाही म्हणायचं, हा हक्क आपल्याला कोणी दिला?

दुसरा, "आले तर त्यांनाच ओशाळल्यासारखं होईल." हा आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर यादीत नाही, कार्यक्रमपत्रिकेत आहे. ओशाळायला होतं ते कशाने? माइक हातात देऊन 'आपण सध्या काय करता' विचारल्याने. पहिला सांगतो सिनियर मॅनेजर, दुसरा सांगतो कॅनडा, आणि मग तिसऱ्याच्या हातात माइक जातो. तो परिचयाचा तासच काढून टाका. सत्कार करायचा तर शिक्षकांचा करा आणि शिपाईकाकांचा करा, 'यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा' करू नका. वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवू नका, एका डब्यात ज्याने त्याने टाकावी आणि डबा उघड्यावर मोजू नये. भरताला पैसे लागतात किती? वांगी, मिरच्या, तेल, कळण्याचं पीठ. जास्तीचा खर्च फेटे आणि डीजेचा आहे, तो नसला तरी चालेल.

तिसरा आक्षेप व्यवहारी. "त्यांना शोधायचं कुठे? मुलींची तर नावंसुद्धा बदलली." शाळेत जनरल रजिस्टर असतं. त्यात प्रत्येकाची प्रवेशाची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते, आणि सोडण्याचं कारणही असतं. मुख्याध्यापकांना रीतसर विनंती करून जून २००७ ची नावं तेवढी विचारायची, बाकी काही नको. एवढं झालं की निम्मं काम गावच करतं. नशिराबादसारख्या गावात कोण कुठे दिलं, कोण कुठे कामाला आहे, हे पारावर दहा मिनिटांत कळतं. मुलींसाठी ग्रुपमधल्या मुलींनी त्यांच्या माहेरी जावं. आपण बाप्यांनी फोन करून सासरी उगीच प्रश्न उभे करू नयेत.

आणि हजेरी घ्यायचीच असेल तर पाचवीच्या यादीने घ्या. काही नावांना उत्तर येणार नाही. मग कोणीतरी सांगेल, तो कारंज्याला असतो, ती सुरतेला असते, त्याचं काही माहीत नाही. ते माहीत नसणंही एकदा सगळ्यांनी मिळून ऐकावं.

एक शेवटची गोष्ट, जी मला भावनेपेक्षा महत्त्वाची वाटते. बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. शाळा सुटलेल्याला बाहेरून दहावीला बसता येतं. त्यासाठी शिक्षणाची अट काय, तर किमान पाचवी पास. म्हणजे ज्या बोर्डाच्या निकालावरून आपण बॅच ठरवतो, ते बोर्डसुद्धा पाचवी झालेल्याला दार उघडं ठेवून बसलंय. आपल्या साठातल्या कोणाला आज तिशीच्या उंबरठ्यावर दहावी करायची असेल, तर फॉर्म भरायला, फी भरायला, आणि दोन महिने रोज संध्याकाळी फोनवर गणित शिकवायला ग्रुपवर माणसं आहेत. वॉटर कूलरच्या निम्म्या पैशांत हे होईल. मात्र विचारायचं एकट्याला, बाजूला घेऊन. माइकवर नाही.

असो. ग्रुपवरच्या मंडळींसाठी: फ्लेक्सचा मजकूर अजून छापायला गेलेला नाही. 'पाचवी प्रवेश, जून २००७' एवढं लिहिलं तरी पुरे. यादीचं काम माझ्याकडे द्या, पुढच्या शनिवारी मी गावी येतोय, सोमवारी शाळा उघडली की सरांना भेटतो. वांग्यांचा अंदाज मात्र साठ जणांचाच धरा.